आपली पोरं : आइसलंडच्या हँडबॉल संघाची गोष्ट



आज ज्या संघाबद्दल लिहिणार आहे त्याचं नाव तुमच्यापैकी बहुतेकांच्या कानावरून गेलं नसेल. आइसलंड देशाचा पुरुषांचा हँडबॉल संघ. "काका, आता हे काय नवीन काढलंत?" असं पुतण्यांपैकी कोणीतरी म्हणणारच. पण जन्मभर इतिहास आणि मराठी शिकवलेल्या माणसाला लहान देशांच्या गोष्टींचं वेड असतं. मोठ्यांचा इतिहास मोठेच लिहून ठेवतात. लहानांचा मुद्दाम शोधावा लागतो.

आधी देश किती लहान ते सांगतो. क्षेत्रफळ सुमारे एक लाख तीन हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या एक तृतीयांश. आणि लोकवस्ती? २००८ साली, ज्या वर्षाची गोष्ट मुख्यतः सांगायची आहे तेव्हा, साधारण सव्वातीन लाखांच्या आत. २०११ च्या जनगणनेत एकट्या लातूर शहराची लोकसंख्या त्याहून जास्त भरली होती. आता कल्पना करा, लातूर शहराने आपला एक संघ उभा केला आणि तो जर्मनी, रशिया, स्पेन यांना ऑलिंपिकमध्ये हरवून अंतिम सामन्यात जाऊन बसला! आइसलंडने हे खरोखर केलं.

खेळाबद्दल थोडक्यात. आपल्याकडेही शालेय क्रीडा स्पर्धांच्या यादीत हँडबॉल असतो, पण सामना पाहिलेले लोक कमी. चाळीस मीटर लांब आणि वीस मीटर रुंद मैदान, तेही छपराखाली. दोन्ही बाजूंना सात-सात खेळाडू, त्यातला एक गोलरक्षक. चेंडू हाताने फेकायचा आणि गोल करायचा. गोलापुढच्या सहा मीटरच्या वर्तुळात गोलरक्षकाखेरीज कोणी पाय ठेवायचा नाही, म्हणून खेळाडू रेषेच्या बाहेरून उडी मारतात आणि हवेत असतानाच चेंडू फेकतात. चेंडू हातात घेऊन तीनपेक्षा जास्त पावलं टाकायची नाहीत, तीन सेकंदांपेक्षा जास्त वेळ धरून ठेवायचा नाही. तीस-तीस मिनिटांचे दोन डाव. धक्काबुक्की भरपूर. आपल्या कबड्डीतली झटापट आणि बास्केटबॉलचा वेग एकत्र केला तर जे होईल ते, असं समजा.

या खेळाच्या जन्मात एका शिक्षकाचा मोठा वाटा आहे हे सांगायला मला विशेष आनंद होतो. डेन्मार्कमधल्या ऑर्ड्रप गावच्या शाळेत होल्गर निल्सन नावाचे शिक्षक होते. १८९६ च्या अथेन्सच्या पहिल्या ऑलिंपिकमध्ये तलवारबाजी आणि नेमबाजीत पदकं मिळवलेला माणूस. मुलं फुटबॉल खेळून खिडक्यांच्या काचा फोडायची, म्हणून शाळेत फुटबॉल बंद झाला आणि मग निल्सन गुरुजींनी मुलांना हाताने खेळायचा खेळ दिला, अशी कथा सांगतात. खरी-खोटी कोण जाणे, पण काचांचा हिशेब ठेवलेल्या कुठल्याही मास्तरला ती पटेल! १९०६ साली त्यांनी या खेळाचे नियम छापले.

डेन्मार्कचं नाव लक्षात ठेवा, ते पुढे पुन्हा येणार आहे. आइसलंड शतकानुशतकं डेन्मार्कच्या राजाच्या अमलाखाली होता. १९१८ मध्ये त्याला स्वतंत्र राज्याचा दर्जा मिळाला, पण राजा तोच राहिला. १७ जून १९४४ रोजी थिंगवेलिर या ठिकाणी, जिथे त्यांची पहिली लोकसभा इसवी सन ९३० मध्ये भरली होती तिथेच, प्रजासत्ताकाची घोषणा झाली. राज्यकर्त्यांकडून आलेल्या कितीतरी गोष्टी मागे राहतात. आपल्याकडे इंग्रज गेला आणि क्रिकेट राहिलं, तसा आइसलंडमध्ये डेन्मार्कहून आलेला हँडबॉल राहिला.

आणि तो तिथल्या मातीत रुजला. खरं म्हणजे मातीत नव्हे, लाकडी जमिनीवर. हिवाळ्यात रेक्याविकमध्ये जेमतेम चार तास उजेड असतो. बाहेर बर्फ आणि वारा. अशा देशात मुलांनी खेळायचं कुठे? छपराखाली. सात खेळाडूंचा संघ जमवणं छोट्या गावालाही जमतं. गावोगावचे क्रीडा क्लब, नगरपालिकांनी बांधलेली सभागृहं आणि लहान मुलांनाही शिकवायला प्रशिक्षित माणूस, अशी व्यवस्था तिथे हळूहळू उभी राहिली.

राष्ट्रीय संघाने पहिला सामना १९५० साली स्वीडनशी खेळला आणि हरला. १९५७ मध्ये हँडबॉल संघटना स्थापन झाली. १९५८ मध्ये पूर्व जर्मनीत भरलेल्या विश्वचषक स्पर्धेत आइसलंड पहिल्यांदा उतरला, आणि १९६१ मध्ये सहावा आला. पुढे वीसेक वर्षं चढउताराची गेली. मग १९८३ मध्ये बोग्दान कोवाल्चिक नावाचा पोलंडचा प्रशिक्षक आला आणि त्याने संघाला कडक शिस्त लावली. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये सहावा क्रमांक, १९८६ च्या विश्वचषकात पुन्हा सहावा. १९८८ मध्ये सोलला मात्र आठवा क्रमांक आला आणि देश हिरमुसला. दुसऱ्याच वर्षी, १९८९ मध्ये, फ्रान्समध्ये झालेली दुसऱ्या गटाची जागतिक स्पर्धा या पोरांनी जिंकली. वरच्या वर्गात जाण्यासाठीची परीक्षा होती ती, पण विजेतेपद ते विजेतेपद.

१९९२ ची गोष्ट इतिहासाच्या विद्यार्थ्याने नीट वाचावी अशी आहे. त्या वर्षी युगोस्लाव्हिया फुटत होता, युद्ध पेटलं होतं आणि संयुक्त राष्ट्रांच्या निर्बंधांमुळे त्यांच्या संघाला बार्सिलोना ऑलिंपिकची दारं बंद झाली. रिकाम्या जागेवर आइसलंडला बोलावणं आलं. आयत्या वेळी पंगतीला बसलेला हा पाहुणा थेट उपांत्य फेरीत पोचला! तिथे पूर्वीच्या सोव्हिएत राज्यांच्या एकत्रित संघाकडून हरला, मग कांस्यपदकाच्या सामन्यात फ्रान्सकडून हरला. चौथा क्रमांक. खेळात चौथ्या क्रमांकासारखं दुःख नाही. पहिल्या तिघांचे फोटो निघतात, चौथा बॅग भरतो.

१९९५ मध्ये तर या चिमुकल्या देशाने विश्वचषक स्पर्धाच आपल्या घरी भरवली. पहिल्यांदाच चोवीस संघ त्यात होते. अंतिम सामना रेक्याविकच्या लोयगार्दाल्सहॉल या सभागृहात झाला. बुद्धिबळप्रेमींनो, १९७२ मध्ये बॉबी फिशर आणि बोरिस स्पास्की यांची ऐतिहासिक लढत झाली होती ती हीच इमारत. फ्रान्सने क्रोएशियाला हरवून आपलं पहिलं जगज्जेतेपद तिथे मिळवलं. यजमान आइसलंड मात्र चौदावा आला. लग्नघरच्या माणसांनीच उपाशी राहावं तशी गत झाली.

इथे थोडं त्यांच्या नावांबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढची नावं वाचताना गोंधळ उडेल. आइसलंडमध्ये आडनाव ही गोष्ट बहुतेकांना नसतेच. वडिलांच्या नावापुढे मुलाला 'सन' आणि मुलीला 'दोत्तिर' लावायचं. स्टेफानचा मुलगा तो स्टेफानसन. आपण मधलं नाव वडिलांचं लावतो तसंच, फक्त तिथे पुढे आडनाव येत नाही. त्यामुळे सगळे एकमेकांना पहिल्या नावानेच हाक मारतात. राष्ट्राध्यक्षालाही आणि शाळेतल्या मास्तरांनाही! 'सर' नाही, 'बाई' नाही. मला ते जड गेलं असतं, हे कबूल. पण राष्ट्रीय संघाबद्दल बोलताना मात्र नावांचीही गरज पडत नाही. अख्खा देश त्यांना 'स्त्राउकार्निर ओक्कार' म्हणतो. अर्थ सरळ आहे, 'आपली पोरं'. सव्वातीन लाखांत कोणाचा तरी भाचा, कोणाचा तरी वर्गमित्र, कोणाच्या तरी आळीतला असायचाच. त्यांच्या बाबतीत 'आपली' हा शब्द अगदी शब्दशः खरा आहे.

ही पोरं वर्षभर घरी मात्र नसतात. हँडबॉलवर पोट भरेल एवढा पैसा आइसलंडमध्ये नाही. चांगला खेळाडू विशी ओलांडली की जर्मनीला, स्पेनला, डेन्मार्कला जातो. ओलाफुर स्टेफानसन हा डावखुरा खेळाडू जर्मनीच्या माग्देबुर्ग क्लबकडून खेळला आणि २००२ मध्ये त्या क्लबने युरोपातली सर्वोच्च क्लब स्पर्धा जिंकली तेव्हा संघात होता. प्रशिक्षकही आइसलंडचाच, अल्फ्रेद गिस्लासन. पण जानेवारी आला, विश्वचषक किंवा युरोपीय स्पर्धा आली, की ही विखुरलेली मंडळी निळा शर्ट चढवायला एकत्र येतात. गणपतीला चाकरमानी कोकणात जातात ना, तसंच. आणि त्या दिवसांत अंधारात बुडालेला अख्खा देश दूरदर्शन संचासमोर बसलेला असतो.

आता २००८. वर्षाची सुरुवात वाईट झाली. जानेवारीतल्या युरोपीय स्पर्धेत संघ कोसळला, गिस्लासनने प्रशिक्षकपद सोडलं आणि ग्वुदमुंदुर ग्वुदमुंदसन या जुन्या प्रशिक्षकाकडे पुन्हा सूत्रं आली. पात्रता स्पर्धेत स्वीडनसारख्या बलाढ्य शेजाऱ्याला मागे टाकून संघ कसाबसा बीजिंगला पोचला. तिथे पहिल्याच सामन्यात रशियाला ३३-३१ हरवलं. मग जर्मनीला, २००७ च्या जगज्जेत्या जर्मनीला, ३३-२९! दक्षिण कोरियाकडून एका गोलाने हार. डेन्मार्कशी ३२-३२ बरोबरी, इजिप्तशीही ३२-३२. उपांत्यपूर्व फेरीत पोलंडवर ३२-३० मात. उपांत्य फेरीत स्पेनला तर ३६-३० असं झोडपलं. २४ ऑगस्टच्या रविवारी अंतिम सामना फ्रान्सशी होता. आइसलंड २३-२८ असा हरला, पण रौप्यपदक गळ्यात पडलं.

या पदकाचं वजन समजायचं तर पुढचा आकडा बघा. त्याआधीच्या साऱ्या ऑलिंपिक इतिहासात आइसलंडला तीनच पदकं मिळाली होती. १९५६ मध्ये तिहेरी उडीत रौप्य, १९८४ मध्ये ज्यूदोत कांस्य, २००० मध्ये महिलांच्या बांबूउडीत कांस्य. हे चौथं, आणि सांघिक खेळातलं पहिलंच. एवढ्या छोट्या लोकसंख्येच्या कुठल्याही देशाने तोवर ऑलिंपिकच्या सांघिक खेळात पदक मिळवलं नव्हतं. स्पर्धेतल्या सर्वोत्तम सात खेळाडूंची निवड झाली, त्यात ओलाफुर, ग्वुदयोन वालुर सिगुर्दसन आणि स्नोरी स्टेन ग्वुदयोनसन असे तिघे आइसलंडचे होते. सातांत तीन!

आणि आता मला सगळ्यात आवडलेला प्रसंग. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष ओलाफुर राग्नार ग्रिम्सन यांच्या पत्नी दोरित मुसायेफ या मूळच्या आइसलंडच्या नव्हेत. जन्म जेरुसलेमचा, वाढल्या लंडनमध्ये, आणि आइसलंडची भाषा शिकल्या लग्नाच्या निमित्ताने. बीजिंगमध्ये त्या आनंदाच्या भरात कॅमेऱ्यासमोर म्हणाल्या, "आइसलंड हा जगातला सर्वात मोठा देश आहे!" पण 'सर्वात मोठा' यासाठी आइसलंडी भाषेत जो शब्द आहे, 'स्तायर्स्ता', तो न वापरता त्यांनी 'स्तोरास्ता' असा शब्द वापरला. व्याकरणात असा शब्दच नाही. आपल्याकडे लहान मूल 'मी केलं' म्हणायच्या ऐवजी 'मी करलं' म्हणतं ना, अगदी तशी चूक. नियम लावला बरोबर, पण भाषेने अपवाद करून ठेवला होता.

हे आइसलंडमध्ये घडलं हे महत्त्वाचं. ही माणसं भाषेच्या बाबतीत फार कडक. जुन्या सागा ते आजही फारसा त्रास न होता वाचू शकतात. परका शब्द सहसा घेत नाहीत, स्वतःचा घडवतात. सावरकरांनी आपल्याला 'दिनांक', 'महापौर' असे शब्द दिले, तसं काम तिथे सतत चाललेलं असतं. संगणकाला त्यांनी 'अंक' आणि 'भविष्य सांगणारी बाई' हे दोन शब्द जोडून 'तोल्वा' असा शब्द बनवला. टेलिफोनसाठी 'धागा' या अर्थाचा विसरलेला जुना शब्द शोधून काढला. अशा लोकांनी या चुकीचं काय करावं? हसले, आणि तो चुकीचा शब्द प्रेमाने उचलून घेतला. 'स्तोरास्ता' देश ही म्हणच होऊन गेली. वर्षानुवर्षं लाल शाईने वह्या तपासलेला मी, पण मलाही वाटतं की ही चूक तशीच राहू द्यावी. बाहेरून आलेली सून भरल्या घरात आनंदाने काही बोलली, तर व्याकरण कोण काढतं? आणि खरंच, त्या दिवशी जे वाटत होतं त्यासाठी बरोबर शब्द भाषेत नव्हताच.

पोरं घरी परतली तेव्हा रेक्याविकच्या रस्त्यांवर हजारो लोक जमले. राष्ट्राध्यक्षांनी खेळाडूंना फाल्कन सन्मान दिला. हा ऑगस्टचा शेवट. त्यानंतर दीड महिन्याच्या आत देशाच्या तिन्ही मोठ्या बँका बुडाल्या. ग्लितनिर, लांड्सबांकी, कौपथिंग. या बँकांचा पसारा देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या जवळजवळ दहापट झाला होता. ६ ऑक्टोबरला पंतप्रधान गेयर होर्दे दूरदर्शनवर आले आणि देव आइसलंडचं भलं करो, असं म्हणून त्यांनी भाषण संपवलं. दोन दिवसांनी ब्रिटनने आपल्या ठेवीदारांच्या पैशांसाठी दहशतवादविरोधी कायदा वापरून लांड्सबांकीची मालमत्ता गोठवली. सैन्य नसलेल्या देशाविरुद्ध दहशतवादाचा कायदा!

मला हे दोन महिने एकमेकांशेजारी ठेवून बघावेसे वाटतात. दोन्हीकडे छोटा देश मोठा व्हायला निघाला होता. बँकांनी उसन्या पैशांवर मोठेपण आणलं, ते आठवडाभरात गेलं आणि सामान्य माणसांची कर्जं व नोकऱ्या बरोबर घेऊन गेलं. हँडबॉलचं मोठेपण पन्नास वर्षं गावोगावच्या सभागृहांत संध्याकाळी थोडंथोडं साठवलेलं होतं. ते बुडालं नाही. जानेवारी २०१० मध्ये, देश कर्जाच्या ओझ्याखाली असताना, ऑस्ट्रियातल्या युरोपीय स्पर्धेत पोलंडला २९-२६ हरवून याच संघाने कांस्यपदक आणलं. पदकाने कोणाचं घर वाचलं नाही, हेही खरं. खेळाने पोट भरत नाही. पण वाईट वर्षात अभिमानाने बोलायला घरात एक तरी विषय असावा लागतो, हे आपण आपल्या दुष्काळी भागातल्या कुस्तीच्या आखाड्यांकडे बघून जाणतोच.

सगळं गोड झालं असं मात्र नाही. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये गटातले पाचही सामने जिंकले, त्यात गतविजेत्या फ्रान्सलाही ३०-२९ हरवलं. सुवर्णाची स्वप्नं पडू लागली. आणि उपांत्यपूर्व फेरीत हंगेरीकडून, दोनदा जादा वेळ खेळून, ३३-३४ अशी हार. एका गोलाने! ओलाफुरचं ते शेवटचं ऑलिंपिक. ग्वुदयोन वालुरही २०२० मध्ये निवृत्त झाला. देशासाठी त्याने अठराशेहून अधिक गोल केले, इतके आंतरराष्ट्रीय गोल त्याआधी जगात कोणाच्याच नावावर नव्हते.

म्हणजे पदकांची वही उघडली तर ज्येष्ठ संघाच्या नावावर त्या दोन वर्षांतली दोनच मोठी पदकं ठळकपणे दिसतात. रौप्य २००८, कांस्य २०१०. पण शाळेचं मोठेपण केवळ गुणवत्ता यादीवरून ठरवू नये, तिथून शिकून गेलेल्यांनी पुढे काय केलं तेही बघावं, असं माझं जुनं मत आहे. त्या दृष्टीने बघा. २०१६ च्या जानेवारीत जर्मनी युरोपचा विजेता झाला, प्रशिक्षक आइसलंडचा डागुर सिगुर्दसन. त्याच डागुरच्या हाताखाली क्रोएशियाने २०२५ च्या विश्वचषकात रौप्य मिळवलं. नॉर्वेच्या महिला संघाने २०१२ आणि २०२४ अशी दोन ऑलिंपिक सुवर्णपदकं मिळवली, प्रशिक्षक थोरिर हेरगेर्सन, आइसलंडचा. २०२४ ला पॅरिसमध्ये जर्मनीच्या पुरुषांनी रौप्य मिळवलं, प्रशिक्षक तेच अल्फ्रेद गिस्लासन. ऑस्ट्रियाच्या संघाला पात्रेकुर योहानेसनने शिकवलं, आणि त्याचा भाऊ ग्वुदनी, व्यवसायाने इतिहासाचा प्राध्यापक, २०१६ ते २०२४ देशाचा राष्ट्राध्यक्ष होता. एका घरातून एक इतिहासकार आणि एक हँडबॉलपटू!

आणि डेन्मार्क? २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये डेन्मार्कच्या पुरुषांनी फ्रान्सला २८-२६ हरवून या खेळातलं आपलं पहिलं ऑलिंपिक सुवर्ण मिळवलं. ज्या देशाच्या शाळेत हा खेळ वाढला, त्या देशाला हे सुवर्ण मिळवून देणारा प्रशिक्षक होता ग्वुदमुंदुर ग्वुदमुंदसन. बीजिंगचाच तो. पूर्वीच्या राज्यकर्त्यांची पोरं आता आइसलंडच्या मास्तरकडे शिकायला बसली होती. डेन्मार्कने १९७१ मध्ये आइसलंडची जुनी हस्तलिखितं सन्मानाने परत पाठवायला सुरुवात केली होती, तेव्हा हजारो लोक बंदरावर उभे होते. पंचेचाळीस वर्षांनी आइसलंडकडूनही काहीतरी डेन्मार्ककडे गेलं. कडवटपणा नाही, हिशेब चुकता करणं नाही. मला हे फार आवडलं.

असो. बरंच लिहिलं. २०२३ मध्ये या संघाचं प्रशिक्षकपद स्नोरी स्टेनकडे सोपवलं गेलं, बीजिंगच्या त्या तिघांतला एक. पुढच्या जानेवारीत क्रिकेटमधून वेळ मिळाला तर इंटरनेटवर आइसलंडचा एखादा सामना शोधून बघा. नावं उच्चारता आली नाहीत तरी चालेल. 'आपली पोरं' म्हटलं की झालं.

ज्यांनी शाळेत हँडबॉल खेळलाय त्यांनी आपल्या आठवणी जरूर कळवा. वाट बघतो.